भाताचं पाणी आणि हिरवी रेघ

टूसॉन, ॲरिझोना
रविवार, रात्री

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "इतक्या लांबच्या ढगात ऑक्सिजन किती, हे इथे बसून कसं कळतं गं?" तेवढ्यात फोन कट झाला आणि उत्तर राहून गेलं. ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

आई, मीठ घातलेल्या भाताचं पाणी उतू गेलं की गॅसची निळी ज्योत पिवळी होते ना? तो रंग मिठातल्या सोडियमचा. मीही ज्योतीचा रंगच बघते. माझी चूल एम १०१ या सर्पिल दीर्घिकेत आहे, दोन कोटी प्रकाशवर्षांहून लांब. तिथले वायूचे ढग कोवळ्या, तापलेल्या ताऱ्यांमुळे उजळतात आणि त्यांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मांडलेल्या पट्ट्यात, एक ठळक हिरवी रेघ उमटते. विल्यम हगिन्स यांना अशी रेघ १८६४ साली एका तेजोमेघात दिसली. कुठल्यातरी अनोळखी मूलद्रव्याची असेल, असंच पुढे साठेक वर्षं लोकांना वाटत राहिलं. ती ऑक्सिजनची आहे हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सांगितलं.

पण बाबा, रेघ ठळक म्हणजे ऑक्सिजन जास्त, असं नसतं. ऑक्सिजन ढगातली उष्णता प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो, म्हणून तो जिथे कमी तिथे ढग जास्त तापलेला. आधी तापमान काढावं लागतं, आणि ते सांगते ऑक्सिजनचीच दुसरी एक रेघ, निळ्या-जांभळ्या बाजूची, अगदी फिकी. तिच्यासाठी माउंट ग्रॅहॅमवरच्या दुर्बिणीचे ८.४ मीटरचे दोन आरसे लागतात. परवा एका ढगात ती नीट वर आलेली दिसली आणि मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले.

मध्याजवळच्या ढगांत ऑक्सिजन भरपूर, कडेच्या ढगांत त्याच्या कितीतरी पट कमी. मध्यभागी ताऱ्यांच्या जास्त पिढ्या जगून गेल्या, आणि मोठे तारे मरताना ऑक्सिजन उधळून जातात. मे २०२३ मध्ये असाच एक तारा एम १०१ मध्ये फुटला, तो जपानच्या कोइची इतागाकी यांनी टिपला.

ही दीर्घिका सप्तर्षींतल्या वसिष्ठ आणि मरीची या ताऱ्यांशी त्रिकोण करते. लहानपणी गच्चीवर तुम्ही मला वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवायचात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की एकदा वर जाऊन बघा, वेगळी दिसते का. आईचा हात धरून जिना चढा, आणि मला लगेच कळवा.

तुमची,
चिमू