रमाबाईंची ती आठ वर्षं

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. संडे स्कूलमध्ये शिकवतोस, उपासनेत शास्त्रवाचन करतोस, वचनं तोंडपाठ आहेत, आणि तरी प्रार्थनेला बसल्यावर समोर कुणी ऐकतंय असं वाटत नाही, असं तू लिहिलंस. पाळकांपाशी बोलायची लाज वाटते म्हणतोस. लाज कसली रे? ज्याला देव नकोच आहे, त्याला देव दूर असल्याचं दुःख होत नाही.

मला पंडिता रमाबाई आठवल्या. लहानपणापासून पुराणं मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पटल्याशिवाय काही मानायचं नाही हा त्यांचा स्वभाव. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धांतावरून वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांशी त्यांनी पत्रांतून कितीतरी वाद घातला. पुढे अमेरिका झाली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, विधवा मुली शिकू लागल्या. विद्वत्ता होती, सेवा होती, श्रद्धाही होती. आणि बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र अजून मिळालेला नाही. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी हे सरळ सांगितलंय, आणि त्याचा दोष कुणालाही दिलेला नाही.

मग त्यांनी केलं काय? आणखी अभ्यास नाही की कडक उपास नाही. स्वतःच्या विचारांनी आता काही होत नाही, हे मान्य करून, कसलीही अट न घालता, त्यांनी स्वतःला तारणाऱ्याच्या हाती सोपवलं आणि दया मागितली. एवढ्या बुद्धीच्या माणसाला हे किती जड गेलं असेल! मला वाटतं, देवाची खोल ओळख इथूनच सुरू होते. आपण त्याला शोधून काढत नाही. पौल गलतीकरांना लिहिताना मध्येच स्वतःला दुरुस्त करतो बघ: तुम्ही देवाला ओळखता, किंबहुना देवानं तुम्हाला ओळखलंय. तुझ्या कोरड्या प्रार्थनेतही तू त्याच्या ओळखीचा आहेस. तुला काही वाटो न वाटो, त्यात फरक पडत नाही.

जुन्या करारातलं ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाच, पण या वेळी त्याच्या मित्रांकडे लक्ष ठेवून वाच. देव न्यायी आहे, देव थोर आहे, हे ते किती सुंदर बोलतात! पण संपूर्ण पुस्तकात त्यांच्यातला एकही जण देवाशी बोलत नाही. बोलतो तो ईयोब. भांडतो, जाब विचारतो, रडतो. आणि शेवटी परमेश्वर रागावतो तो त्या मित्रांवर, आणि आपल्याविषयी नीट बोलला तो ईयोब, असं म्हणतो. म्हणून सांगतो, जे दुःख तू मला लिहून कळवलंस, तेच त्याला सांग. नीटनेटकी प्रार्थना करू नकोस.

आणखी एक गोष्ट, आणि ही आपल्या मंडळ्यांत फार कमी ऐकू येते. यिर्मयाचा बाविसावा अध्याय काढ. यहोयाकीम राजा मजुरांना मजुरी न देता गंधसरूचा महाल बांधतोय. संदेष्टा त्याला त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण देतो: त्यानं दीनदुबळ्यांचा न्याय केला. आणि मग परमेश्वर विचारतो, मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे का? तिथं ध्यानाचा, अनुभवाचा शब्द नाही. मजुरी आणि न्याय आहे.

तू म्हणशील, रमाबाई तर आधीपासूनच सेवा करत होत्या, मग? खरंय. नुसत्या सेवेनं ख्रिस्त हाती लागत नाही. पण तो भेटला की माणसाला घरात बसूही देत नाही. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलीबाळींना घेऊन पुण्याजवळच्या केडगावला आल्या. स्वतःचे आईबाप त्यांनी दुष्काळातच गमावले होते. त्या मुलींत त्यांनी काय पाहिलं असेल, हे मी तुला सांगायला नको. शेवटच्या वर्षांत पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर, तेही हिब्रू-ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, तोवर तेही हातावेगळं झालं होतं.

रमाबाईंनी उभारलेलं मुक्ती मिशन आजही केडगावात आहे. पुणे-दौंड मार्गावरच स्टेशन आहे, सकाळी निघालो तर संध्याकाळी परत. पुढच्या महिन्यात एखादा शनिवार मोकळा ठेवशील का? यिर्मया आणि ईयोब गाडीत वाचू. तारीख तूच कळव. घरी सर्वांना सलाम.

तुझा,
प्रभूमधला भाऊ