अडुळशाचा काढा ‘सर्वांनी’ नको!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्याच्या पुरवणीत पावसाळी खोकल्यावर अडुळशाचा काढा दिला आहे. कृती बरोबर आहे. पण शेवटी ‘घरातल्या सर्वांनी घ्यावा’ असे म्हटले आहे, त्या ‘सर्वांनी’साठी हे पत्र.

आमच्या परड्यात गडग्याच्या कडेने अडुळसा आहे. कडू पाल्याला गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला तो बरा. मुले त्याची पांढरी फुले देठाकडून चोखतात. पाने कच्ची कुटली तर रस धड सुटत नाही. आजेसासूबाई ती केळीच्या पानात गुंडाळून चुलीच्या आरात ठेवत, मग फडक्यातून पिळत. चमचाभर रस, तेवढाच मध. दम्याला, कफाला, नाकातून रक्त आले तरी हाच उपाय. पण मला दिवस गेले होते तेव्हा मी खोकून हैराण झाले, तरी त्यांनी रस दिला नाही. ‘तुला नको गो,’ एवढेच म्हणाल्या. कारण विचारायची सोय नव्हती!

कारण पुढे वाचनात आले. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसीन आणि व्हॅसिसिनोन ही अल्कलॉइडे असतात. व्हॅसिसीनने श्वासनलिका सैल होते, तसेच गर्भाशय आकुंचन पावते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत यावर बरेच काम झाले. 1980 च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी व्हॅसिसीनचा गर्भपातकारक गुणही मांडला. व्हॅसिसीनवरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन बनवले गेले, आज कित्येक कफ सिरपांत ते असते. म्हणजे झाडपाला असला तरी हे औषधच आहे. मग ‘घरगुती आहे, काय होतंय’ म्हणून गरोदर बाईला त्याचा पेला कसा द्यायचा?

आणखी एक. अडुळसा हाताशी असताना क्षयाच्या रोग्याने खचू नये, असे जुने संस्कृत वचन आहे. क्षयावर गोळ्या नव्हत्या त्या काळचे ते. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर काढा उकळत न बसता थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात.

तेव्हा पुढच्या अंकात ‘गरोदर स्त्रियांनी हा काढा घेऊ नये’ ही ओळ छापावी. ‘चूकभूल’ म्हणून कोपऱ्यात नको, काढ्याची कृती छापली होती तेवढ्याच ठळक अक्षरांत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, दापोली