गाठीचा दुसरा तुकडा सलाइनमध्ये हवा

महोदय,
मानेतल्या गाठींच्या क्षयावरील आपल्या रविवारच्या लेखात, बायोप्सीच्या अहवालात ‘केसिएशन’ दिसले की क्षयरोग पक्का, असे म्हटले आहे. ते पुरते बरोबर नाही. केसिएशन म्हणजे मृत ऊतीचा पनीरासारखा भुसभुशीत, पिवळट-पांढरा लगदा. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे पेशींची मूळ रचना उरलेली नसते. आपल्याकडे त्याचे मुख्य कारण क्षयरोगच, हे खरे; पण हिस्टोप्लाज्मोसिससारख्या बुरशीजन्य आजारातही असेच चित्र दिसते. शिवाय जंतू औषधांना दाद देईल का, हे त्यावरून कळत नाही.

घोळ होतो तो आधीच, शस्त्रक्रियागृहात. काढलेली सगळी गाठ फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या रसायनात) जाते, तिथे जंतू मरतात आणि कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याची, वाट बंद होते. एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये (थोडेच, तुकडा ओला राहील इतके) ठेवायला हवा. या दुसऱ्या तुकड्यावर सीबीनॅट यंत्र सुमारे 2 तासांत क्षयजंतू आणि रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील मुख्य औषधाला होणारा प्रतिरोध दाखवते. कल्चरला 6 आठवडेही लागतात. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात सीबीनॅट तपासणी विनामूल्य आहे. नातेवाइकांनी दुसऱ्या बाटलीबद्दल शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे, नंतर विचारून उपयोग नाही.

— एक पॅथॉलॉजिस्ट वाचक, इंदूर