'लघवीला लागली आहे का?' हा प्रश्न पुरेसा नाही

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

बाळंतपणात कमरेत बारीक नळी बसवून वेदनाशामक औषध देण्याची, म्हणजे एपिड्यूरलची सोय आता सोलापुरातल्या मुलीही मागून घेतात. त्यांना "आमच्या वेळी आम्ही सोसलेच ना" असे ऐकवणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. लेबर रूममध्ये परिचारिका म्हणून आयुष्य घालवले असल्याने कळांनी बेजार झालेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि ज्या वेदना टाळता येतात त्या टाळाव्यात, असेच माझे मत आहे. हे पत्र त्या सोयीबरोबर येणाऱ्या, पण बोलायला संकोच वाटणाऱ्या एका गोष्टीविषयी, म्हणजे लघवी तुंबण्याविषयी आहे.

माझ्या भाचीला सकाळी एपिड्यूरल दिले आणि संध्याकाळी ती बाळंत झाली. दिवसभरात सलाईनच्या बाटल्या चढत राहिल्या. सिस्टरने दोन-तीनदा "लघवीला लागली आहे का?" असे विचारले आणि भाचीने प्रत्येक वेळी खरे तेच सांगितले की नाही. बाळंतपणानंतर मात्र तिला लघवी होईना. ओटीपोट फुगलेले दिसले म्हणून रात्री नळी घातली, तेव्हा लिटरभराहून अधिक लघवी निघाली आणि पुढचे चार दिवस तिला लघवीची पिशवी लावूनच बाळाला दूध पाजावे लागले. मी बाहेर बाकावर बसून होते. मला सारे ठाऊक असूनही मी आत निरोप पाठवला नाही, याची खंत मला आजही आहे.

एपिड्यूरलचे औषध कळांच्या वेदना मेंदूपर्यंत पोचू देत नाही. परंतु मूत्राशय भरल्याची जाणीव वर नेणाऱ्या आणि ते आकसून रिकामे करवणाऱ्या मज्जातंतूंवरही त्याचा परिणाम होतो. त्यामुळे अशा स्त्रीला 'लागली आहे का' असे विचारणे म्हणजे जी जाणीव आपणच औषधाने बधिर केली आहे तिच्यावर विसंबणे होय. विचारायचे ते 'शेवटची लघवी किती वाजता आणि किती झाली?' हे, आणि त्याचे उत्तर बाळंतिणीकडे नव्हे, तर कागदावर असले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या पार्टोग्राफमध्ये, म्हणजे प्रसूतीची प्रगती नोंदवण्याच्या तक्त्यात, तळाशी लघवीच्या प्रमाणासाठी वेगळी ओळ आहे. घाईच्या दिवशी सर्वांत आधी कोरी राहते ती हीच ओळ, हे मी अनुभवाने सांगते.

भरलेल्या मूत्राशयामुळे बाळाचे डोके खाली सरकण्यात अडथळा येऊ शकतो. वार पडल्यावर गर्भाशय नीट आकसले नाही तर रक्तस्राव वाढतो, आणि तुडुंब भरलेले मूत्राशय त्या आकसण्याच्या आड येते. शिवाय फार ताणलेला मूत्राशयाचा स्नायू लगेच पूर्ववत होत नाही. यावर उपाय महागडा नाही. दर दोन-तीन तासांनी बेडपॅन द्यावे, पायांत बळ असेल तर आधार देऊन बसवावे, ओटीपोटावर हात ठेवून पाहावे, आणि तरीही लघवी झाली नाही तर निर्जंतुक पद्धतीने नळी घालून मूत्राशय रिकामे करून नळी काढून घ्यावी. नळी आत ठेवावीच लागली तर जंतुसंसर्गाचा धोका ध्यानात घेऊन ती गरजेपेक्षा अधिक वेळ ठेवू नये, आणि बाळंतीण जोर करू लागण्यापूर्वी नळीला आत धरून ठेवणारा फुगा रिकामा करून ती काढावी. प्रसूतीनंतर किंवा नळी काढल्यानंतर ६ तासांत लघवी झाली नाही, तर 'होईल सावकाश' म्हणून थांबू नये.

आपल्या शहरात याला आणखी एक बाजू आहे. दिवसभर एका जागी बसून विड्या वळणाऱ्या आणि स्वच्छतागृह जवळ नाही म्हणून वैशाखातल्या उन्हातही पाणी कमी पिणाऱ्या बायकांना लघवी दाबून ठेवण्याची सवयच जडलेली असते. त्यांतल्या अनेकींची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड. अनोळखी खोलीत, पुरुष डॉक्टरांसमोर, परक्या भाषेत हा विषय त्या आपणहून काढणार नाहीत.

म्हणून शहरातील सर्व प्रसूतिगृहांना माझी विनंती आहे की, एपिड्यूरलच्या संमतिपत्रावर सही घेतानाच 'तुम्हाला लघवीची जाणीव होणार नाही, आम्ही वेळेवर पाहू' हे त्या स्त्रीला तिच्या भाषेत सांगावे आणि लघवीच्या वेळांचा तक्ता खाटेशी लावावा. प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवता येते. खासगी रुग्णालयांनीही आई, सासू किंवा बहीण यांपैकी एकीला आत बसू द्यावे आणि तो तक्ता तिला दाखवून ठेवावा. तीन तास उलटूनही नोंद झाली नसेल, तर तिने सिस्टरला निःसंकोच हाक मारावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
जुळे सोलापूर