गळ्याला जप

चि. निखिल यास, अनेक आशीर्वाद.

परवा तू पुण्याची गाडी धरलीस, तेव्हा मी दारापर्यंतही आलो नाही. ‘ओरडणं म्हणजे गाणं नव्हे’ हे म्हणायला नको होतं, तेही बबडीसमोर.

काल रात्री तुमच्या बँडचा दुसरा अल्बम पूर्ण ऐकला. पहिला मी दोन मिनिटांत बंद केला होता. चौथ्या गाण्यात गिटार थांबते आणि आजी म्हणते, ‘जेवलास का रे? डबा परत आण.’ तिचा तो व्हॉइस मेसेज तू जपून ठेवलायस हे मला ठाऊकच नव्हतं. त्यानंतर तू जो ओरडतोस, ते ऐकून मी हेडफोन काढून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आजीच्या तेराव्याला तू एक शब्द बोलला नव्हतास. पोरगं दगड आहे, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

पण शेवटच्या गाण्यात तुझा आवाज फाटतो, तो मुद्दाम की दुखून? मला ऐकून कळत नाही.

दिवाळीत तू वहीच्या पानावर घसा काढून दाखवलास. खरे स्वरतंतू खाली, त्यांच्या वर खोट्या स्वरतंतूंच्या घड्या, ग्राउलमध्ये, म्हणजे तुझ्या त्या घोगऱ्या ओरडण्यात, त्या घड्या थरथरतात. नीट केलं तर दुखत नाही. ते पान माझ्या पाकिटात आहे. तरी निघायच्या आदल्या रात्री पाणी पिताना तू गळ्यावर हात ठेवलास, ते मी पाहिलं.

2009 साली माझाही हात असाच जायचा. साठ पोरांचा वर्ग, वर पत्रे, पावसात शेवटच्या बाकापर्यंत ओरडूनच पोचावं लागे. गाठी निघाल्या. पंधरा दिवस मौन. मी पाटीवर ‘चहा’ लिहायचो आणि तू आजीला वाचून दाखवायचास, ‘बाबांना चहा, मला बिस्कीट.’

तुझ्या खोलीत पोस्टर आहे त्या किलस्विच एंगेज या मेटल बँडबद्दल वाचलं. 2002 मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला, आणि त्याच वर्षी गायक जेसी लीच ई-मेल पाठवून बँड सोडून गेला. गळा त्रास देत होता, मनही खचलं होतं. परत आला तो 2012 मध्ये. दहा वर्षं, निखिल! रात्री दीडला तुला फोन लावणार होतो.

तेव्हा सलग दोन दिवस कार्यक्रम घेऊ नकोस. खाकरू नकोस, पाण्याचा घोट घे. आवाज बसला तर कुजबुजूसुद्धा नकोस, त्यानेही ताण येतो. दोन आठवड्यांत सुटला नाही तर घशाच्या डॉक्टरकडे जा. झालं, पुन्हा मास्तर सुरू झाला. रागावू नकोस.

गोदेला पूर आला की आजी तुला होळकर पुलावर न्यायची, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय ते बघायला. त्या पाण्याच्या आवाजावर तू बेंबीच्या देठापासून ओरडायचास आणि ती म्हणायची, ‘अजून जोरात, मारुतीला ऐकू गेलं नाही.’ मी घरी येऊन तिच्यावर चिडायचो, पोराचा घसा बसेल म्हणून. चौथं गाणं ऐकताना मला तोच पूल दिसला. आज शेजारच्या काकूंनी विचारलं, निखिल सध्या काय करतो? म्हटलं, गातो. थोडं मोठ्यानेच म्हटलं.

रविवार कारंज्यावरून ज्येष्ठमध आणलाय, शनिवारी बबडीबरोबर पाठवतो. काडी चघळायची, पूड नको. आणि पोचल्याचं अजून कळवलं नाहीस. फोन करू नकोस, बोलावं लागेल. मेसेज टाक.

तुझे,
बाबा