बी.ए. कर, पण गणित सोडू नकोस

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

सीईटीचा निकाल लागल्यापासून घरी फोन सुरूच आहेत. मामाने तर कॉम्प्युटरला कुठे कुठे नंबर लागेल त्याची यादी करून पाठवली. आणि तू परवा बाबांना सांगितलंस की इंजिनिअरिंगचा फॉर्म भरणार नाही, पुण्यातच राहून इतिहास आणि अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करणार. बाबा रागावलेले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "सायन्सला एवढे मार्क असताना आर्ट्स?" हा प्रश्न आता तुला भेटेल तो विचारणार आहे. त्यातून तू मुलगा. मुलाने आर्ट्स घेतलं की आपल्याकडे लोक आधी मार्कशीट बघायला मागतात.

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी., आणि लग्नाआधीपासून पाणी तपासण्याचं काम करते. त्यामुळे मी सायन्सच्याच बाजूने बोलेन असं सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. मला वाटतं तू बी.ए. करावंस. का वाटतं ते सविस्तर लिहिते, कारण फोनवर आपलं बोलणं नेहमी जेवलास का, झोपलास का यातच संपतं.

आमच्याकडे नमुना येतो तो निर्जंतुक बाटलीत. क्लोरिनचा परिणाम तिथेच थांबावा म्हणून बाटलीत आधीच थोडं थायोसल्फेट घातलेलं असतं. बाटलीवर चिठ्ठी हवी: गाव, वाडी, विहीर की नळ, कुणी घेतला, किती वाजता घेतला. चिठ्ठी नसेल तर नमुना तपासायचा नाही, ओतून टाकायचा. मग शंभर मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जंतू सापडले की शेरा मारायचा, 'पिण्यास अयोग्य'. पंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, टाकतो, आम्ही पुन्हा नमुना घेतो. हे काम मला मनापासून आवडतं. आकडा समोर असला की वाद मिटतो, याचं समाधान मोठं आहे.

पण वरच्या अंगाच्या एका वाडीत वाद मिटेना. तिथे नळयोजना झाली, नळाचं पाणी दर वेळी पास व्हायचं, आणि तरी पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण त्याच वाडीतून यायचे. बायका झऱ्याचंच पाणी भरायच्या. बैठकीत कुणी म्हणालं अडाणी आहेत, कुणी म्हणालं त्यांना टीसीएलचा वास आवडत नाही. शेवटी आरोग्यसेविका लावणीच्या दिवसांत त्यांच्याबरोबर बांधावर बसली आणि नुसती विचारत राहिली. नळाला पाणी यायचं सकाळी दहाला. तेव्हा घरात माणूस नाही, सगळ्या शेतावर. संध्याकाळी परतताना वाटेवर झरा. एवढंच कारण. पंप चालवायची वेळ ठरवताना त्या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या कुठल्याच उपकरणात हे दिसण्यासारखं नव्हतं. माणसांना विचारायचं कसं, त्यांनी सांगितलेलं लिहून कसं घ्यायचं, त्यातलं खरं किती ते कसं पारखायचं, हेही एक शास्त्र आहे आणि ते शिकावं लागतं.

आणि तू तर महाडचा. चवदार तळ्याच्या काठाने शाळेत जायचास. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. आपल्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण घोटभर पाणी घ्यायची कुणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तिथे गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर तळं 'शुद्ध' करण्यासाठी त्यात दही, दूध, शेण आणि गोमूत्र घातलेल्या घागरी ओतल्या गेल्या. पाणी तपासणारी बाई म्हणून हे वाचताना मला दर वेळी संताप येतो. शेण ओतलेलं पाणी अशुद्ध, हे प्रयोगशाळेत सहज सिद्ध झालं असतं. पण त्या दिवशी काठावर कुणाचाही प्रश्न जंतूंचा नव्हता.

पुढे ते कोर्टात गेलं. विरोधकांचं म्हणणं, तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांना बंदीची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. दहा वर्षं हा वाद चालला. १९३७ मध्ये हायकोर्टाने निकाल दिला: वहिवाट अनादी असल्याचं सिद्ध होत नाही. मला या निकालाचं फार मोल वाटतं. 'पूर्वापार चालत आलंय' असं म्हणणाऱ्याला कुणीतरी विचारलं, किती पूर्वीपासून? कागद दाखव. साक्षीदार आण. जागा कुणाच्या मालकीची ते सांग. आम्ही बाटलीवरची चिठ्ठी बघतो तसंच हे. आणि ज्यांनी हा लढा उभारला त्यांची पहिली पदवी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातली, बी.ए.चीच. नंतर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले तेही अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र शिकायला. आर्ट्स घेऊन काय दिवे लावणार असं तुला कुणी विचारलं, तर वाद घालू नकोस. तळ्यावर घेऊन ये त्यांना.

आता बाबांची शंका. ती अगदीच चुकीची नाही. आपल्याकडे पुष्कळ मुलं आर्ट्सला जातात ती गणित नको म्हणून. वर्षभर वर्गात जायचं नाही, परीक्षेच्या तोंडावर गाइड आणायचं, अपेक्षित प्रश्न पाठ करायचे, आणि पदवी हातात आली की स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत टेबल घ्यायचं. तसलं बी.ए. करणार असशील तर मामाची यादी बरी.

मला ज्यांचं उदाहरण द्यायचंय ते दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ साली गोव्यात जन्मलेले, गणिताचे प्राध्यापक, फर्ग्युसनमध्ये शिकवत, नंतर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. या माणसाने प्राचीन इतिहासाला हात घातला तो तराजू घेऊन. चांदीची जुनी आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेली, नाणी एकेक करून वजन केली, हजारो. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरेल तितकं सरासरी वजन उतरतं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढतो. त्यावरून कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं याचा क्रम त्यांनी लावायला घेतला. ज्या नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, त्यांना त्यांनी संख्याशास्त्राने बोलतं केलं. पण आकडेमोड करून ते थांबले नाहीत. संस्कृत एवढं पक्कं की भर्तृहरीच्या सुभाषितांची पाठचिकित्सा, म्हणजे पोथ्या ताडून मूळ शब्द ठरवायचं काम, त्यांनी केली, आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी पालथ्या घालून गावदेव, पायवाटा, लेणी यांची सांगड घातली. ते सायन्सचे की आर्ट्सचे, हे ठरवायला मला तरी जमलेलं नाही.

म्हणून माझी एक अट आहे. गणित सोडायचं नाही. अर्थशास्त्र घेणारच आहेस, तर संख्याशास्त्र बरोबर घे. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या शाखेचा विषय घ्यायची सोय आहे. तुझ्या कॉलेजात प्रत्यक्षात काय मिळतं ते ऑफिसात उभं राहून विचार, वेबसाइटवर विसंबू नकोस. आणि पहिल्याच वर्षी मोडी लिपी शिकून घे. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं. तिथे चौकशी कर. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत आणि ते वाचणारे थोडे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. लाखो घरांचा प्रश्न, आणि कागद वाचायला माणूस नाही! मला हे फार लागलं होतं.

आत्या म्हणते त्या खाजगी विद्यापीठातल्या लिबरल आर्ट्सची फी मी पाहिली. ती आपल्याला झेपणारी नाही, आणि तिच्यासाठी कर्ज काढावं असं मला वाटत नाही. तू राहतोस तिथून भांडारकर संस्था, गोखले इन्स्टिट्यूट सायकलच्या अंतरावर आहेत. प्राध्यापकांचं पत्र घेऊन ग्रंथालयात बसायची परवानगी मिळते का ते बघ.

पैशाचं स्पष्ट लिहिते. इंजिनिअर झालास तर चार वर्षांत नोकरीची आशा धरता येते. या वाटेने एम.ए. धरून पाच वर्षं, आणि पुढे नेट-सेट, पीएच.डी. म्हटलं तर त्याहून जास्त. प्राध्यापकांच्या भरतीचं काय चाललंय ते तू पेपरात वाचतोसच. इंजिनिअरिंगसाठी म्हणून जी रक्कम बाजूला टाकली होती ती मोडलेली नाही. ती तुझ्या एम.ए.पर्यंत पुरेल असा मी हिशोब केला आहे, बाबांनाही तो कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. त्यांच्याशी रविवारी तू स्वतः बोल. माझ्यामार्फत नको. आत्तापर्यंत तुझी प्रत्येक गोष्ट मी त्यांच्यापर्यंत पोचवली, ही तूच सांगायला हवी. कोणते विषय घेणार, का घेणार, पहिल्या वर्षात काय वाचणार, ते लिहूनच आण. त्यांना लिहिलेलं आवडतं.

येताना मामांकडे जाऊन त्यांच्या पाया पड. त्यांनी यादी मनापासून केली आहे.

तुझी,
आई