तुम्ही गाडी वळवायला लावलीत, त्याबद्दल

प्रिय डॉक्टरताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या कुत्रीचा, राखीचा, सशांच्या शिकारीचा पहिला हंगाम गेल्या आठवड्यात संपला. जाळी धुऊन वाळत घातली आहेत, आणि आज पहिल्यांदा निवांत बसायला मिळालं. तोंडानं आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत वाचता येईल असं पत्र. इकडे इंग्लंडात आलेलं आपलं कुणी माणूस पहिला लर्चर (वेगानं पळणाऱ्या शिकारी जातीचा संकरित कुत्रा) घ्यायला निघालं, तर तुम्ही मला काय शिकवलंत ते त्यालाही कळेल.

अडीच वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. शेताच्या मालकांनी सांगितलं होतं, बीट आणि बार्लीचे कडेचे पट्टे सशांनी खाऊन टाकलेत, काहीतरी बंदोबस्त करा. मला तर निमित्तच मिळालं. लहानपणी आमच्या रानात आजोबांचा मोत्या होता, कारवानी जातीचा. चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं, आणि आजोबांनी तो तिथूनच आणला होता. 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर आजोबांनी शिकार सोडली, पण कुत्रा ठेवायचं सोडलं नाही. उंच, लांब तोंडाचा, पोट आत गेलेला, पळायला लागला की जमिनीला पाय लागतात की नाही असं वाटायचं. इथे सलुकी आणि ग्रेहाउंड या लांब पायांच्या, वेगानं पळणाऱ्या जातींच्या संकराची पिल्लं विकायला आहेत असं कळलं, फोटो पाहिला, आणि मला मोत्याच दिसला. विकणाऱ्यानं हायवेवरच्या एका सर्व्हिस स्टेशनच्या पार्किंगमध्ये बोलावलं होतं, रोख पैसे घेऊन.

लस कुठली द्यायची विचारायला मी गाडीतूनच तुम्हाला फोन केला. आपली ओळख जेमतेम दोन महिन्यांची. तुम्ही एवढंच विचारलंत, "पिल्लाची आई पाहिलीत का?" मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मग गाडी वळवा. आत्ता. संध्याकाळी जेवायला या, सगळं सांगते."

त्या संध्याकाळी पिठलं-भाकरी खाताना तुम्ही लुसीचा कायदा समजावून सांगितलात. 2013 साली वेल्समधल्या एका पिल्लं पैदा करणाऱ्या कारखान्यातून सोडवलेली लुसी नावाची कुत्री, आणि तिच्या नावानं ओळखला जाणारा, 6 एप्रिल 2020 पासून इंग्लंडात लागू झालेला नियम: सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू धंद्यासाठी विकायचं तर ज्यानं पैदास केली त्यानंच विकायचं, आणि जिथे ते जन्मलं तिथेच, आईसोबत दाखवून. पार्किंगमध्ये पिल्लू देणारा माणूस आई का दाखवत नाही, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी फोटोत मोत्या पाहत होतो.

पण तुमचे खरे उपकार त्याच्यापुढचे. तुम्ही विचारलंत, "ससा म्हणजे कुठला?" आणि मी गप्प झालो. आपल्या भाषेत ससा तो ससा. इंग्रजीत हेअर वेगळा, रॅबिट वेगळा. आपल्या रानातला ससा म्हणजे हेअर. तो बीळ करत नाही, उघड्यावर दबून बसतो आणि उठला की मैलभर पळवतो. मोत्याचे लांब पाय त्याच्यासाठी होते, सलुकीचा दमही त्याच्यासाठीच. आमच्या भागातल्या, पूर्व इंग्लंडातल्या ब्रेकलँडच्या या वालुकामय जमिनीत पीक खातो तो रॅबिट. नॉर्मन लोकांनी तो ब्रिटनमध्ये आणला आणि मठवाल्यांनी मांसासाठी, कातडीसाठी इथे पाळला. थेटफर्डच्या जंगलात त्या सशांच्या राखणदाराचं सुमारे 1400 सालचं दगडी घर अजून उभं आहे. तुम्हीच मला ते दाखवायला नेलंत. हा ससा बिळापासून फार दूर जातच नाही. चाहूल लागली की पन्नास-साठ पावलांत तो जमिनीखाली. तिथे सलुकीचा वेग उपयोगाला यायच्या आधीच शिकार संपलेली असते. तिथे लहान, चपळ, पटकन वळणारा आणि नाकानं काम करणारा कुत्रा हवा.

कायद्याची बाजूही तुम्हीच सांगितलीत. 2004 च्या हंटिंग ॲक्टनंतर इंग्लंड-वेल्समध्ये हेअरमागे कुत्रा सोडणं गुन्हा आहे, आणि 2022 पासून त्याच्या शिक्षा आणखी कडक झाल्यात. रॅबिटला सूट आहे, पण जमिनीच्या मालकाची परवानगी असेल तरच. "परवानगी लेखी घ्या आणि खिशात ठेवा," म्हणालात. ती चिठ्ठी आजही माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. आमच्या शेताला लागून जो गवताळ माळ आहे, तिथे मात्र मी राखीला नेत नाही. सशांनी तिथलं गवत कुरतडून आखूड ठेवलं नाही तर स्टोन कर्ल्यू पक्ष्याला अंडी घालायला जागा उरत नाही, हे तुमच्याकडूनच कळलं.

मग आपण थांबलो. जानेवारीपर्यंत. तुमचा एकच हट्ट होता, की आईला काम करताना पाहिल्याशिवाय पिल्लाचं नाव काढायचं नाही. सफोकमधल्या त्या म्हाताऱ्याकडे तुम्हीच घेऊन गेलात. तो तीन-चार वर्षांतून एकदा, स्वतःला पुढचा कुत्रा हवा म्हणून एक वेत काढतो आणि उरलेली पिल्लं माणूस पाहून देतो. बेडलिंग्टन टेरियर (मेंढीसारख्या केसांची लहान जात) आणि व्हिपेट (ग्रेहाउंडसारखी पण लहान जात) यांचा त्याच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला संकर. कुत्री खांद्याला जेमतेम एकोणीस इंच, अंगावर राखाडी खरखरीत केस. खरं सांगतो, पहिल्या नजरेत ती मला कुत्रीपेक्षा ओल्या झालेल्या मेंढीसारखी वाटली होती.

ती सकाळ मी विसरणार नाही. गवतावर पांढरं दव गोठलेलं. कुंपणाच्या बांधात वीसेक बिळं होती. म्हाताऱ्यानं जाळी काढलीच नाहीत, नुसता उभा राहिला. कुत्री एकेका बिळापाशी जायची, नाक लावायची आणि पुढे. पाचव्या की सहाव्या बिळापाशी ती थांबली. मान तिरपी, एक पुढचा पाय वर, शेपटी स्थिर. मग तिनं मागे वळून मालकाकडे पाहिलं. तेवढ्या भागातल्या तोंडांवर त्यानं जाळ्या लावल्या आणि फेरेट, म्हणजे सशांना बिळातून हुसकावणारा मुंगसासारखा पाळीव प्राणी, आत सोडला. थोड्या वेळानं जमिनीखालून धपधप ऐकू आलं, पायाच्या तळव्यांना जाणवलं. आणि काटेरी झुडपाखालच्या, आमच्या नजरेतून सुटलेल्या एका तोंडातून ससा निघाला. कुत्री भुंकली नाही. दोन वळणं, आणि ससा तिच्या तोंडात. तो तिनं जिवंत आणून मालकाच्या तळहातावर ठेवला. त्यानं क्षणात मान मोडून त्याला सोडवलं. तुम्ही मात्र तो ससा हातात घेऊन खाली बसलात आणि बरगड्या एकेक करून चाचपल्यात. एकही मोडलेली नव्हती. "तोंड मऊ आहे," एवढंच म्हणालात. त्याआधी मी कुत्र्याची किंमत कायम त्याच्या पळण्यावरूनच केली होती.

बेडलिंग्टनच्या रक्तात यकृतात तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार असतो, हे मला कुठून ठाऊक असणार? दोन्ही पालकांकडून दोष आला तरच पिल्लाला तो होतो. आईबाप दोघेही संकराचे, म्हणजे दोघांकडूनही येऊ शकतो, असं तुम्ही त्याला म्हणालात तेव्हा म्हातारा घरात गेला आणि आईच्या तपासणीचा कागद घेऊन आला. आई निर्दोष होती. त्यानंतर तासभर त्यानं मलाच प्रश्न विचारले. घरात कोण असतं, कुत्रा कुठे झोपणार, रोज किती तास एकटा राहणार. शेवटी एक अट घातली, की कधी सांभाळता आला नाही तर कुत्रा त्याच्याकडेच परत आणायचा. इथल्या निवारागृहांत लर्चर किती येतात ते तुम्ही रोज पाहता, त्या अटीचं मोल तुम्हाला माझ्याहून जास्त कळलं असेल.

एप्रिलमध्ये सहा पिल्लं झाली. जूनमध्ये आपण गेलो तेव्हा माझी नजर सगळ्यात मोठ्या, फिक्या रंगाच्या नरावर होती. का, ते तुम्ही ओळखलंत आणि काही बोलला नाहीत. तुम्ही फक्त किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकलात. मोठा नर आईमागे लपला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. एक लहानशी राखाडी मादी दचकली, थबकली, मग हळूहळू येऊन किल्ल्यांचा वास घेऊ लागली. तुम्ही तिचं बेंबीचं ठिकाण पाहिलंत, हिरड्या पाहिल्या, स्टेथोस्कोप छातीला लावून खूप वेळ ऐकलंत. मग ती माझ्या हातात दिलीत. राखीचं वजन त्या दिवशी दुधाच्या दोन पिशव्यांहून थोडंसं जास्त असेल.

पुढचं वर्ष माझ्या धीराची परीक्षा घेणारं होतं. वर्षाच्या आत सशामागे सोडायचं नाही, हाडं पक्की व्हायची आहेत, हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की मुलगी तुमची नक्कल करायला लागली. तेवढ्या काळात मी फक्त हाक मारल्यावर येणं आणि वस्तू हातात आणून देणं शिकवलं. आणि मेंढ्या, कोंबड्या. दर रविवारी शेजारच्या मेंढ्यांच्या कुंपणाबाहेर तिला घेऊन नुसतं बसायचो, ती कंटाळून झोपेपर्यंत. मेंढ्यांमागे लागलेला कुत्रा इथला शेतकरी गोळी घालून मारू शकतो. ते बसणं वाया गेलं नाही.

डिसेंबरात तारेनं तिची मांडी फाटली तेव्हा रात्री अकरा वाजता दवाखाना उघडलात. या कुत्र्यांची कातडी कागदासारखी, अंगावर चरबी नाही. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे नेलं तरी भूल द्यायच्या आधी साइटहाउंडचा (नजरेनं शिकार हेरून पळणाऱ्या सडपातळ जातींचा) संकर आहे असं सांगायचं, हे तुम्ही सात टाके घालता घालता मला पाठ करून घ्यायला लावलंत. बिल मात्र पाठवलं नाहीत. ते अजून माझ्याकडे बाकी आहे.

ताई, आठवड्यापूर्वी, हंगामाच्या शेवटच्या सकाळी राखी बांधावर एका बिळापाशी थांबली. मान तिरपी, एक पाय वर. मागे वळून तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला सफोकमधली ती पांढरी सकाळ आठवली. जाळी लावायला हात चालेनात, क्षणभर डोळे भरून आले. बिळात तीन ससे होते. मालकांनी परवा बार्लीचा कडेचा पट्टा फिरून पाहिला आणि अंगठा वर केला.

त्यातले दोन ससे स्वच्छ करून फ्रीजरमध्ये ठेवलेत. आईनं लातूरहून काळा मसाला पाठवलाय. येत्या रविवारी दुपारी तुम्ही दोघं या. रस्सा करतो, भाकरी तुमची वहिनी करेल. राखीला तुमच्या गाडीचा आवाज ओळखता येतो, ती फाटकापाशी आधीच जाऊन बसेल.

तुमचा,
राखीचा धनी